जुन्या गाड्यांचे न मिळणारे भाग : फाइली वाटायच्या कशा?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात ती छतापर्यंत पाण्यात होती. इंजिन उघडून साफ केलं, वायरिंग नवं घातलं, खालचा पत्रा कापून बदलला. ही कामं पैसा आणि वेळ घातला की होतात. घोडं अडलं ते बारीकसारीक प्लास्टिक-रबराच्या वस्तूंवर. काच वर-खाली करायच्या हँडलमागची चकती, पुढच्या त्रिकोणी काचेच्या खटक्याची कळ, स्टिअरिंगखालच्या गिअरदांड्याच्या जोडातले बुश (दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या), टेल लॅम्पखालचं रबर. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची थांबली त्याला पाव शतक होत आलं. मुंबईत काळी-पिवळी होती तोवर हे भाग कुठे ना कुठे मिळायचे. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. मी ज्या दोन दुकानांत जायचो, त्यांनी आता तो माल ठेवणंच बंद केलंय.

तीन वर्षांत मी अकरा भाग मोजून, थ्रीडी प्रिंटरवर छापण्यासाठी, फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढले. त्यांतले आठ गाडीवर बसलेत. या फाइली सगळ्यांसाठी खुल्या करायच्या आहेत, पण आधी एक चूक झाली ती सांगतो. गेल्या वर्षी चकतीची एसटीएल (प्रिंटरला द्यायची) फाइल एका ग्रुपवर टाकली. माझं प्लास्टिक थंड होताना आकसतं म्हणून मी फाइलच थोडी मोठी करून ठेवली होती आणि ते लिहायचं राहिलं. कणकवलीच्या एकाने एबीएस प्लास्टिकमध्ये छापायची म्हणून आपल्या हिशोबाने ती आणखी वाढवली. दोनदा वाढवलेली चकती हँडलमागे खुळखुळायला लागली. त्याचं प्लास्टिक गेलं, रात्र गेली आणि फाइलवरचा विश्वासही गेला.

म्हणून विचारतो, फाइलीसोबत काय काय द्यायला हवं? कोणत्या अटीवर द्यावी? आणि कोणत्या भागाची फाइल देऊच नये?


लेथवाला (मिरजोळे, रत्नागिरी)

तुम्ही चूक उघड सांगितलीत ते बरं केलंत. पहिली गोष्ट, फाइलमध्ये खरं माप ठेवा. आकसण्याची भरपाई ज्याने त्याने आपल्या मशीनप्रमाणे करायची. एबीएस साधारण अर्धा ते पाऊण टक्का आकसतं, पीएलए हे दुसरं प्लास्टिक त्याहून कमी. तोच भाग उद्या कुणी ॲल्युमिनियममध्ये ओतायचा म्हटला तर पॅटर्न (ओतकामाचा नमुना) सव्वा टक्क्याच्या आसपास मोठा करावा लागतो. तुमची भरपाई आत मुरलेली असेल तर पुढच्याने काय समजायचं?

दुसरी गोष्ट. माझ्याकडे लोक मोबाइलवर एसटीएल दाखवत येतात आणि "एवढं करून द्या" म्हणतात. एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी. त्यात गोल भोकसुद्धा खरं गोल नसतं, बारीक सरळ रेघांचा बहुकोन असतो. मापं मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात, तेही त्यात लिहिलेलं नसतं. भोक शाफ्टवर दाबून बसायचं होतं की त्यावर फिरायचं होतं, हे तर कुठेच नाही. दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्येही उघडते ती स्टेप फाइल द्या, फ्रीकॅडची मूळ फाइल द्या, आणि त्यासोबत मापं घातलेलं एक पानाचं ड्रॉइंग द्या. माझ्या लेथला कॉम्प्युटर नाही. मला कागद लागतो, आणि कोकणातल्या दहा वर्कशॉपांपैकी बहुतेकांना कागदच लागतो.

तिसरी गोष्ट मोजण्याची. झिजलेला बुश व्हर्नियरमध्ये धरून जे येतं ते त्याच्या झिजेचं माप. शाफ्टचा जो भाग बुशच्या बाहेर राहतो तिथे मोजा, तो कोराच असतो. दोन्ही मापांत माझ्याकडे कितीदा अर्धा मिलिमीटर फरक निघालाय. भोक दोन दिशांनी मोजा, अंडाकार झालेलं लगेच कळतं. डावा-उजवा भाग असेल तर दोन्ही मोजा. ड्रायव्हरच्या दाराचं सगळं जास्त झिजलेलं असतं. ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे एक शब्द लिहा: मोजलेलं, की अंदाजलेलं. अंदाज असायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे पुढच्याला कळू द्या.


बांदा गॅरेज (सावंतवाडी)

माझो अनुभव सांगतंय. माप एकाच गाडयेचा घेव नको. सगळ्यो गाडयो सारख्यो नसतत.

पद्मिनी इतकी वर्षं बनली, तेवढ्यात पार्ट पुरवणारे कितीतरी बदलले. बाहेरून तीच चकती, पण आतली कड जाड-बारीक. त्यात पुन्हा मागच्या मालकाने काय बसवलंय ते देवाक ठाऊक. मी स्वतः पद्मिनीला दुसऱ्याच गाडीच्या खटक्या बसवल्यात, कारण गिऱ्हाइकाला पावसाच्या आधी काच बंद व्हायला हवी होती. ती गाडी आज कुणी मोजायला घेतली तर तो चुकीचा भाग बरोबर म्हणून लिहील. आधी दोन-तीन गाडयेंवर मापून बघ, मगे फाइल वाट. माझ्याकडे दोन पद्मिनी उभ्या आहेत, एक चालू, एक बिनइंजिनाची. कधीही ये.


जिप्सीवाली (गुहागर)

माझी पद्मिनी नाही, जिप्सी आहे, पण दुखणं तेच. डॅशबोर्डच्या हवेच्या जाळ्या तुटल्या होत्या. एका ओळखीच्याने पीएलएमध्ये छापून दिल्या, दिसायला अगदी मूळच्यासारख्या. मे महिन्यात गाडी किनाऱ्यालगत उन्हात तीन तास उभी होती. परत आले तर जाळ्यांच्या पट्ट्या मेणासारख्या वाकलेल्या. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि काच लावलेल्या गाडीत डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. पीईटीजी ऐंशीच्या आसपास टिकतं, एबीएस आणि एएसए शंभराच्या घरात. उन्हाने एबीएस पिवळं पडून ठिसूळ होतं, एएसए त्यापुढे पुष्कळ टिकतं. आता मी डॅशबोर्डवरचं आणि बाहेरचं सगळं एएसएमध्येच छापते.

आपल्या बाजूची एक अडचण शहरातले लोक सांगत नाहीत. नायलॉन हवेतलं पाणी पितं. जुलैत उघडं राहिलेलं रीळ दुसऱ्या दिवशी मशीनवर चढवलं की नोझलमधून चटचट आवाज येतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि भागाच्या थरांत बारीक पोकळ्या राहतात. वरून दिसत नाही, हाताने पिळलं की तुटतो. सत्तर-ऐंशी अंशांवर रात्रभर सुकवून लगेच छापायचं, आणि उरलेलं रीळ सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. म्हणून फाइलीसोबत लिहा: कोणतं प्लास्टिक, सुकवलं होतं का, कोणत्या बाजूने उभं करून छापलं, आणि गाडीवर किती महिने झाले. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. छापल्याच्या दिवशीचा फोटो सगळेच टाकतात, एक पावसाळा काढल्यावरचा कोणी टाकत नाही.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, कोणत्या बाजूने उभं करून छापलं, यावरून माझा सगळ्यात वाईट अनुभव सांगतो.

गिअरदांड्याच्या जोडातला बुश मी नायलॉनमध्ये छापला होता. घट्ट बसला, गिअर लोण्यासारखे पडायला लागले, मी खूश. दीड महिन्याने कराडला निघालो आणि कुंभार्ली घाटात बुश थरांच्या रेघेवर चिरून दोन तुकडे झाला. दांडा हातात हलतोय, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली. आई शेजारी बसली होती. मागे ट्रकांची रांग. त्याच गिअरमध्ये वर जाऊन कडेला लावली आणि जोडाला तार बांधून परत आलो. दैव बलवत्तर म्हणून चढावर तुटला.

छापलेला भाग थर एकमेकांपासून सुटतील अशा ओढीला सगळ्यात कच्चा असतो, हे मी वाचलेलं होतं. तरी तो भाग उभा छापला, कारण तसा छापला की भोक सुबक येतं. त्या बुशची फाइल माझ्या अकरांत आहे. ती द्यावी की नाही, हाच माझा खरा प्रश्न आहे.


लेथवाला (मिरजोळे, रत्नागिरी)

छापायची फाइल म्हणून देऊ नका. पण भाग टाकून देऊ नका. तो बुश ॲसिटलच्या कांबीतून लेथवर काढायचा. बाजारात त्याला डेल्रिन म्हणतात, पांढरी किंवा काळी गोल कांब मिळते. अखंड असतं, थर नसतात, पाणी फारसं पीत नाही, घसटीला चांगलं. माझ्याकडे वीस मिनिटांचं काम. मला फक्त ड्रॉइंग हवं: बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, कॉलर, आणि आत किती फट ठेवायची. आपण फाइल म्हटलं की प्रिंटरच धरून चालतो. कित्येक भागांची खरी फाइल म्हणजे एक पानी ड्रॉइंग.

ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, सस्पेन्शन आणि पेट्रोलची लाइन यांचं काही छापायचं नाही. फाइलही फिरवायची नाही. यात मी ऐकणार नाही.


राजापूर ते परळ

एवढं कडक कशाला? ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरच्या तेलाच्या टाकीचं नुसतं झाकण फुटलंय माझं. ते छापलं तर कोणाच्या जिवाला धोका आहे? तो काही ताण घेणारा भाग नाही.


लेथवाला (मिरजोळे, रत्नागिरी)

ताण घेत नाही, पण ब्रेक ऑइलशी गाठ आहे. ते ग्लायकॉलवर बनलेलं असतं, रंग उतरवतं हे तुम्ही पाहिलं असेल. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला ते तडे पाडतं. झाकणातून कण खाली पडला किंवा हवेतली ओल आत गेली की तेलाचा उकळबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल फळीला टेकतं. दुसऱ्या गाडीची अख्खी टाकी झाकणासकट बसते का ते बघा, पुष्कळदा बसते. सिलिंडर आतून खरवडला असेल तर त्यात बाही बसवून मूळ मापाचा करता येतो, ते काम करणारे अजून आहेत.


बांदा गॅरेज (सावंतवाडी)

झाकण माझ्याकडे आहे रे. पत्ता पाठव.


दापोलीची वकील

कायद्याचं विचारलं नाहीत, पण "अटी" म्हटलंत म्हणून लिहिते. लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत.

आपल्याकडे डिझाइन कायदा २०००चा. नोंदवलेल्या डिझाइनला दहा वर्षं संरक्षण, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा. नोंदणी डिझाइन बाजारात येण्याआधी करावी लागते. त्यामुळे पद्मिनीच्या कोणत्याही जुन्या भागावरचं असं संरक्षण केव्हाच संपलं. पेटंट वीस वर्षांचं, तेही संपलं. जो आकार निव्वळ यांत्रिक कामासाठी आहे, तो या कायद्याच्या व्याख्येत डिझाइनच नाही. नोंदणी करता येत होती पण केली नाही अशा डिझाइनचं काय? कॉपीराइट कायदा १९५७च्या पंधराव्या कलमाप्रमाणे ती वस्तू कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा बनली की तो हक्कही संपतो. हातातला भाग व्हर्नियरने मोजून स्वतः ड्रॉइंग काढणं यात मला अडचण दिसत नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कंपनीचं नाव आणि चिन्ह. ट्रेडमार्कचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याला शेवट नाही. चकतीवर मूळ चिन्ह उमटवलेलं असेल तर फाइलीतून ते काढा आणि "ओरिजिनल" हा शब्द कुठेही वापरू नका. दोन, कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली चित्रं. भाग मोजणं वेगळं आणि त्या पुस्तकाची पानं स्कॅन करून वाटणं वेगळं.

नव्या गाड्यांना हे सरसकट लावू नका. काल-परवा बाजारात आलेल्या मॉडेलचं संरक्षण चालू असू शकतं.


दहिसर-देवगड

मग आपल्या कष्टाचं काय? दोन वर्षांपूर्वी मी मारुती ८००च्या आतल्या दाराच्या हँडलची फाइल फुकट टाकली. सहा महिन्यांनी एका शहरातल्या दुकानदाराने तीच छापून विकायला काढली, पीएलएमध्ये. ज्यांची तुटली ते मला फोन करून बोलले, कारण फाइलीत नाव माझं होतं. मला पैसे नकोत. पण व्यापारी वापराला बंदी घातल्याशिवाय मी आता एकही फाइल देणार नाही.


लेथवाला (मिरजोळे, रत्नागिरी)

तुमचा राग रास्त आहे. पण ती बंदी मलाही लागेल. वाशिष्ठीकाठांच्या ड्रॉइंगवरून मी कोणाला बुश करून दिला आणि कांबीचे नि वेळेचे पैसे घेतले, तर तो व्यापारी वापरच. ज्याच्याकडे मशीन नाही त्याने कुठे जायचं? गावातल्या माणसाने चारशे रुपये घेऊन भाग करून दिला तर गाडी चालू राहते.


दापोलीची वकील

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम इतरांना अटींवर वापरू देणारे तयार परवाने; त्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. दहिसर-देवगड म्हणतात तो अव्यापारी. दुसऱ्यात विकायला मुभा असते, पण मूळ काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, काय बदल केला ते सांगावं लागतं, आणि बदललेली फाइल वाटली तर त्याच अटींवर वाटावी लागते. यंत्रांच्या आराखड्यांसाठी सर्न या संशोधन संस्थेने वेगळा खुला परवानाही केलेला आहे. खरं सांगायचं तर ज्याला चोरायचंच आहे त्याला कोणतीही अट अडवत नाही. तुमचं नाव खराब झालं ते विक्रीमुळे नाही, "हे पीएलएमध्ये करू नये" हे फाइलीपासून सुटं पडलं म्हणून. ते वाक्य ड्रॉइंगच्या पानावरच छापलेलं असू द्या. भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला आवृत्तीचा आकडाही कोरा. तुटका भाग समोर आला की कोणत्या फाइलीचा ते कळेल.


दहिसर-देवगड

आवृत्ती कोरायची कल्पना पटली. अट मात्र माझी मी ठेवणार. मिरजोळ्याच्या दादांसारख्यांनी विचारलं तर लेखी परवानगी देईन, फुकट.


तिसरं वर्ष मेकॅनिकल (रत्नागिरी)

मी एक पद्धत सांगू का? टेल लॅम्पचं रबर आणि पॅकिंग यांना थ्रीडी स्कॅनर लागत नाही. कॉलेजच्या साध्या कागदाच्या स्कॅनरवर पॅकिंग सपाट ठेवते, बाजूला दोन पोलादी पट्ट्या, एक आडवी, एक उभी. सहाशे डीपीआयवर एका मिलिमीटरला साधारण २३.६ ठिपके येतात. दोन्ही पट्ट्यांवर शंभर मिलिमीटर मोजून बघते, कारण काही स्कॅनर एका दिशेने किंचित ताणतात. मग त्यावरून रेषा काढून डीएक्सएफ (लेझरने कापायला चालणारी रेषांची फाइल) करते. कागदावर छापून पॅकिंग त्यावर ठेवलं की चूक लगेच दिसते. डीएक्सएफमध्ये शंभर मिलिमीटरची एक रेघ कोपऱ्यात ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या प्रिंटरने माप बदललं तर समजेल.

जुनं रबर आकसलेलं किंवा फुगलेलं असतं, म्हणून स्क्रूच्या भोकांची अंतरं मात्र गाडीच्या पत्र्यावरून घेते. आणि लेझरवाल्याला द्यायच्या आधी शीट कशाची आहे ते विचारा. पीव्हीसी लेझरवर कधीच कापायचं नाही, त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू माणसालाही घातक आणि मशीनलाही.


जिप्सीवाली (गुहागर)

छान सांगितलंस गं. एक जोड देते. बाहेरच्या पाण्या-उन्हाला ईपीडीएम रबर, पण त्याला तेल-पेट्रोल लागू देऊ नये. तेलाच्या जागी नायट्राइल. कार्ब्युरेटरच्या पॅकिंगला तर आता जास्तच विचार हवा, पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

शनिवारी सावंतवाडीला जाऊन आलो. काकांनी दोन्ही पद्मिनींची दारं उघडून दिली, वर दुपारी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीन गाड्यांवर मिळून चकतीच्या आतल्या कडेची दोन मापं निघाली. माझ्या गाडीची जाड कड आणि त्यांच्या बिनइंजिनाच्या गाडीची बारीक. म्हणजे मी ज्याला "पद्मिनीची चकती" म्हणत होतो ती दोनांतली एकच होती. आता दोन फाइली केल्यात.

आठ भाग आजपासून खुले. प्रत्येकात मूळ फ्रीकॅड फाइल, स्टेप, आणि ड्रॉइंगचं पान. सगळी मापं खरी, भरपाई नाही. मोजलेलं काळ्यात, अंदाजलेलं लाल शाईत. कोणत्या गाड्यांवर मोजलं त्यांची सालं लिहिलीत, नंबर नाहीत. तुटलेल्या प्रिंटचे फोटोही ठेवलेत. नाव द्या, बदल सांगा, त्याच अटींवर पुढे द्या, विकायला हरकत नाही. गिअरच्या बुशचं फक्त ड्रॉइंग दिलंय, आणि त्या पानावर ठळक अक्षरात लिहिलंय: छापू नये, ॲसिटलमधून लेथवर काढावा. उरलेले दोन भाग ब्रेकच्या पाइपचे क्लिप होते. ते काढून टाकले.


जानवलीकर (कणकवली)

खुळखुळणारी चकती माझीच होती. नवी फाइल रात्री छापली, एएसएमध्ये, भरपाई माझ्या मशीनची. माझ्या गाडीला बारीक कडेची लागली. उजव्या दाराला अचूक बसली. डाव्या दाराला हँडल पूर्ण खाली नेलं की चकतीची बाहेरची कड रेक्झिनला घासते, साधारण अर्धा मिलिमीटर. फोटो टाकलाय, पट्टी शेजारी धरून.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बघितला. बाहेरची गोलाई मी लाल शाईत लिहिली होती, तिथेच चुकली. दुरुस्त करून आवृत्ती २ चढवली आहे. उद्या डाव्या दाराला लावून बघाल का?


जानवलीकर (कणकवली)

मशीन लावलंय. वीज टिकली तर सकाळी सांगतो.